हजार रुपयांत मुंबईचा एक रविवार : कुठे जावं, काय टाळावं?

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बदलीमुळे सांगली सोडून डोंबिवलीत आलोय. घरात मी, बायको, तिसरीतली लेक आणि आई. आईला मुंबई बघायचीय. तिची मुंबई सिनेमातली : गेटवे, राणीचा हार आणि 'ती दोन मजली बस'.

महिन्यातून एक रविवार काढता येतो आणि त्या दिवसाला हजार रुपये, खाण्यापिण्यासकट. त्यावर एक रुपया नाही, कारण घरभाडं ऐकूनच सांगलीचे लोक मला फोन करून धीर देतात. शिवाय आईचे गुडघे. सपाटीला ती तासभर चालेल, पण जिने दिसले की तिचा चेहरा उतरतो.

ऑफिसातले सगळे एकच यादी म्हणून दाखवतात : गेटवे, मरीन ड्राइव्ह, जुहू, सिद्धिविनायक, हाजी अली, आणि हे सगळं एका दिवसात. हे शक्य आहे का? आणि हजारात?

---

गिरणगावकर

शक्य आहे, पण रात्री घरी आल्यावर आई तुमच्याशी बोलणार नाहीत.

इथे बघण्याला फारसे पैसे पडत नाहीत, ते पडतात फिरण्याला. गेटवेहून जुहू, जुहूहून सिद्धिविनायक असं नाचलात की टॅक्सी, सरबत, पाण्याच्या बाटल्या आणि 'आता इथेच काहीतरी खाऊन घेऊ' यातच हजार उडतात, आणि बघून काय झालं तर ट्रॅफिक. म्हणून एक दिवस, एकच इलाखा. स्टेशनवर उतरायचं, तिथून दोन किलोमीटरच्या आत जे असेल ते बघायचं आणि त्याच स्टेशनवरून परत.

पहिला रविवार फोर्टला द्या. डोंबिवली ते सीएसएमटी सेकंड क्लासचं तिकीट १५ रुपये. उतरल्यावर लगेच बाहेर धावू नका. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभे राहा आणि मग स्टेशनकडे बघा. प्रवेशद्वाराच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलाय, सिंह ब्रिटनचा आणि वाघ आपला. रोज लाखो माणसं त्यांच्या खालून जातात, मान वर करत नाहीत. लेकीला म्हणावं, भिंतीवर अजून कुठले प्राणी दिसतात ते शोध. मोर, माकडं, पाली, काय वाटेल ते सापडतं. अर्धा तास फुकटात जातो. स्टेशन आणि समोरची महापालिका या दोन्ही इमारती एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या एकाच माणसाच्या. स्टेशन १८८७च्या सुमाराचं, महापालिका १८९३ची. २००४ साली स्टेशन युनेस्कोच्या यादीत गेलं.

तिथून हुतात्मा चौक, मग हॉर्निमन सर्कल. गोल बाग आहे, सावली आहे, बाकं आहेत. डबा तिथे खा. समोर एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या दिसतील, ३० आहेत. आईंना खालूनच नमस्कार करू दे. नंतर काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरीला १९५२पासून प्रवेश फुकट आहे, वर आत एसी. चित्रं कळोत न कळोत, दुपारी दोनच्या उन्हात तिच्याइतकी उत्तम जागा फोर्टात नाही. बाहेर फुटपाथवर चित्रकार बसतात, माणसाला समोर बसवून चेहरा काढतात. लेकीला बघायला आवडेल. काढून घ्यायचा हट्ट झाला तर तुमचं तुम्ही बघा.

संध्याकाळी ओव्हल मैदान. मधोमध उभं राहिलं की एका अंगाला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या अंगाला १९३०-४०मधल्या आर्ट डेको इमारती. या दोन रांगांना मिळून २०१८मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. पलीकडे चर्चगेट, पुढे समुद्र.

---

खडूस

सगळं छान. फक्त मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणं, सांगायला विसरलात. रविवारी सकाळी अकरा ते चार मध्य रेल्वे काय करेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. 'माटुंगा-मुलुंड धीम्या मार्गावर' हे शब्द ऐकले की समजायचं आज पाठीला पाठ लावून प्रवास.

---

लोकलवाली

@खडूस, म्हणूनच साडेआठच्या आत निघायचं. ब्लॉकची बातमी आदल्या दिवसापर्यंत येते, ती बघून ठरवा.

@कृष्णाकाठचा, आई सोबत आहेत म्हणून काही गोष्टी सांगते.

रविवारी सकाळी डोंबिवलीहून सुटणारी धीमी लोकल पकडा. फास्टच्या नादी लागू नका, मागून येणारी फास्ट डोंबिवलीला भरलेलीच असते. आई आणि वहिनी लेडीज डब्यात, तुम्ही शेजारच्या जनरलमध्ये, आणि कुठल्या स्टेशनवर उतरायचं ते दोनदा सांगून ठेवा. फोनला रेंज नसली की गंमत होते.

आता टॅक्सीचा हिशोब. सगळे म्हणतात टॅक्सी टाळा. मी म्हणते लांबची टाळा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं ३१ रुपये आहे. बेस्टचं साध्या बसचं कमीत कमी तिकीट १० आणि एसीचं १२. तीन मोठी माणसं आणि एक मूल असाल तर सीएसएमटी ते काळा घोडा टॅक्सी आणि बस जवळजवळ सारखीच पडते, आणि आईंना बसच्या पायरीवर चढावं लागत नाही. अडचण एकच, टॅक्सीवाला एवढ्या जवळ यायला तयार हवा. चार जण नाही म्हणतील, पाचवा येईल.

बेस्टचा दिवसाचा पास ७५ रुपयांचा. सात-आठदा चढउतार होणार असेल तरच घ्या, एरवी सुट्टं तिकीट बरं.

आणि हो, दोन मजली बस! जुन्या लाल डबलडेकर २०२३च्या सप्टेंबरात बंद झाल्या. आता एसी इलेक्ट्रिक डबलडेकर आहेत. ११५ नंबरची सीएसएमटी ते एनसीपीए (नरिमन पॉइंटच्या टोकाचं नाट्य-संगीत केंद्र) जाते. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली तर झाडांच्या फांद्या काचेला घासतात. जिना मात्र अरुंद आहे.

---

कृष्णाकाठचा

गिरणगावकर, लोकलवाली, खूप आभार. आईला आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाली, "त्या जिन्यावर मी चढणार." बाकी कुठल्याच जिन्याबद्दल असं म्हणाली नाही.

पण मुलीला इमारती किती वेळ आवडतील? शंका आहे.

---

नगरी बाणा

शंका बरोबर आहे. मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका.

हे 'फुकटातली मुंबई' प्रकरण चाळीस किलोमीटरवर राहणाऱ्यांसाठी अर्धवट खरं आहे. जाऊन-येऊन तीन तास. उन्हात चालणं. बाथरूम शोधत फिरणं, विशेषतः बायकांनी. पोरं एका तासात कंटाळतात, मग आइस्क्रीम, मग फुगा, मग पिपाणी. गेटवेजवळच्या एका हॉटेलात आम्ही चौघांनी नुसता चहा आणि सँडविच खाल्लं तर बिलात पाण्याच्या बाटल्यांचे पैसे आमच्याकडून जवळजवळ जेवणाइतके घेतले. त्यापेक्षा घराजवळचं गार्डन बरं, असं बायको म्हणाली आणि मला उत्तर सुचलं नाही.

मुलांना न्यायचंच तर राणीबागेत न्या. तिथे सगळ्यांचंच भागतं.

---

रानवाटा

@नगरी बाणा, राणीबागेला माझे दोन्ही हात वर.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला, चालत जाण्याजोगं अंतर. तिकीट मोठ्यांना ५०, लहानांना २५. पेंग्विन, वाघ, बिबटे हे सगळं आहेच, पेंग्विनच्या काचेपुढे गर्दीही आहे. लोक मात्र प्राणी बघतात आणि झाडं सोडून निघून जातात. ही बाग १८६२ची आहे, प्राणी नंतर आले. आत गोरखचिंच आहे, तिचा बुंधा इतका जाड की चार माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा होत नाही. कैलासपती आहे, त्याची फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून फुटतात आणि वास लांबूनच येतो. उर्वशीचं झाड आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर लाल-पिवळ्या फुलांचे लोंबते घोस बघायला मिळतील. ते झाड मुळात म्यानमारकडचं, आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. खाली पाटी असते, पण पाटीकडे बघतो कोण!

त्याच आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, शहरातलं सगळ्यात जुनं, १८७२चं. जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे धंदे, पगड्या, सगळं छोट्या छोट्या मातीच्या बाहुल्यांतून मांडलंय. मुलं काचेला नाक लावून बघतात. आणि बाहेर दोन मोठे प्राणी कुठल्याही पिंजऱ्याविना उभे आहेत. एक दगडी हत्ती, घारापुरीहून आणलेला. त्या बेटाचं इंग्रजी नाव ज्याच्यावरून पडलं तोच हा. दुसरा घोडा. काळा घोडा! त्यावर सातवा एडवर्ड बसलाय. १९६५मध्ये फोर्टातून उचलून इकडे आणला. फोर्टात आता २०१७ साली उभारलेला, पाठीवर कुणी नसलेला घोडा आहे. म्हणजे पहिल्या रविवारी तुम्ही फोर्टात नवा घोडा बघा आणि दुसऱ्या रविवारी लेकीला जुना शोधायला लावा.

बुधवारी दोन्ही बंद. रविवारी उघडं असतं पण गर्दी असते, दहाच्या आत गेट गाठा.

---

गिरणगावकर

@नगरी बाणा, पाण्याचं बरोबर बोललात. घरून दोन दोन लिटर न्यायचं आणि वाटेत भरायचं. बाथरूमचंही खरं आहे. मी स्टेशन, संग्रहालयं आणि आर्ट गॅलऱ्या यांच्यावरच भिस्त ठेवतो. जहांगीर मी नुसतं चित्रांसाठी सुचवलं नव्हतं 😀

---

आगाऊ पोरगी

खाण्याचं कोणीच बोलत नाहीये!! मुंबईत येऊन डबा??

---

खडूस

@आगाऊ पोरगी, हजारात चार माणसं. थालीपीठ आणि दशम्या, नाहीतर उपास.

---

चष्मिष

मधला मार्ग आहे की. दुपारचं जेवण डब्यातलं, संध्याकाळचं खाणं बाहेर. फोर्टाच्या दिवशी धोबी तलावाला कयानीमध्ये बन मस्का आणि चहा. १९०४ची इराण्याची जागा आहे. तिथल्या खुर्च्या, आरसे आणि एकूण वातावरण हेच निम्मं खाणं. चौघांचं ज्या पैशात होतं त्यात मॉलमध्ये एक कॉफी येते. इराण्याकडे घाईची वेळ असेल तर तासभर गप्पा मारत बसू नका, एवढंच.

आई बरोबर आहेत म्हणून मी एक दादरचा रविवार सुचवते. माझ्या सासूबाईंना फोर्टापेक्षा तोच आवडला होता.

सकाळी लवकर उतरलात तर स्टेशनजवळचा फुलबाजार. झेंडूचे ढीग, अष्टरचे भारे, खाली पायाला चिकटणारा ओला पाचोळा, आणि "ओ ताई, बाजूला!" असं ओरडत डोक्यावर टोपली घेऊन जाणारे हमाल. उभं राहून बघण्याची जागा नाही, प्रवाहाबरोबर चालत राहायचं. आईंचा हात धरा. तिथे देव्हाऱ्यासाठी फुलं घेतली तर डोंबिवलीच्या भावापेक्षा नक्कीच कमी पडतील.

मग पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह. बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी बांधून घेतलेलं घर. खालच्या मजल्यावर त्यांच्या वस्तू आणि फोटो आहेत. परत पश्चिमेला येऊन शिवाजी पार्क, कट्ट्यावर बसून पोरांचं क्रिकेट बघायचं. एका वेळी इतके सामने चालतात की कुठला चेंडू कुणाचा हे त्यांनाच कसं कळतं देव जाणे. शेवटी चैत्यभूमी आणि तिच्या बाजूचा समुद्रावरचा डेक. सी-लिंक समोर दिसतो. प्रवेशाला पैसे नाहीत. संध्याकाळी वारा असतो. हा सगळा दिवस जवळजवळ सपाटीचा आहे.

पैसे उरले तर नाटक. शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, प्रभादेवीचं रवींद्र. पुढच्या रांगा महाग असतात, बाल्कनी स्वस्त पडते. पण बाल्कनी म्हणजे जिना आलाच.

---

उंडगी

लेणी! लेणी कोणी सांगितली नाहीत म्हणून लॉगिन केलं.

घारापुरीला सगळे जातात. गेटवेहून लाँचने तासाभराचा प्रवास, वर चढायला शंभरावर पायऱ्या. चौघांचं लाँचचं तिकीटच तुमचं बजेट संपवेल. डोलीवाले असतात पण ते पैसे निराळे. त्रिमूर्ती बघून माणूस गप्प होतो हे खरं, तरी ती पुढच्या दिवाळीच्या बोनसवर ठेवा.

त्याऐवजी कान्हेरी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या आत. गेटचं, आतल्या बसचं आणि लेण्यांचं अशी तिकिटं वेगवेगळी पडतात, तरी घारापुरीच्या मानाने स्वस्त. शंभराहून जास्त लेणी आहेत, बहुतेकांनी दहा बघितलेली असतात. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य आणि त्याच्या ओट्यावरच्या दोन्ही टोकांच्या बुद्धमूर्ती एवढं बघितलं तरी पुष्कळ. वीस फुटांहून उंच आहेत त्या. मला स्वतःला त्याहून आवडतं ते पाण्याचं काम. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात खोदलेलं टाकं आहे आणि वरच्या कातळावर पाणी वळवायला कोरलेल्या पन्हळी. पावसाचं पाणी वर्षभर पुरवायची सोय. टँकरची वाट बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी तिथे थोडा वेळ उभं राहावं. मूर्तीपुढे गर्दी असते, टाक्यांपुढे कुणी नसतं.

पण दगडी पायऱ्या आहेत. आईंना वरपर्यंत नेऊ नका, खाली तिसऱ्या लेण्याशी बसू द्या. तिथवरही थोडं चढावं लागतं. उद्यान सोमवारी बंद.

आणि बोरिवलीलाच मंडपेश्वर. एकाच लेण्यात शिव, आणि एका भिंतीवर पोर्तुगीजांनी कोरलेला क्रूस. वर चर्चचे अवशेष. फुकट. कोणी जात नाही.

---

खडूस

डोंबिवलीहून बोरिवली म्हणजे दादरला उतरून, जिना चढून, गर्दीत घुसून, परत लोकल. त्या गुडघ्यांचा विचार करा.

---

उंडगी

@खडूस, घाटकोपरला मेट्रो पकडायची, अंधेरीला उतरून पश्चिम रेल्वे. घाटकोपरला सरकते जिने आहेत. महाग पडतं, पण अंग शाबूत राहतं.

---

लोकलवाली

मेट्रोवरून आठवलं. मेट्रो तीन आता आरे ते कफ परेड पूर्ण चालू झालीय, ऑक्टोबर २०२५पासून. भाडं १० ते ७०. सगळीकडे लिफ्ट. आईंना सीएसएमटीहून चर्चगेट किंवा विधान भवन गाठायचं असेल तर उन्हात चालण्यापेक्षा बरी. लांबच्या प्रवासाला मात्र चौघांचे पैसे मोजून बघा. शिवाय सगळी जमिनीखाली, खिडकीतून फक्त आपलाच चेहरा दिसतो. मुंबई बघायला आलेल्यांनी बसने जावं.

---

वसईवाला

आमच्याकडे या की! तुम्हाला दादर लागतच नाही. दिवा-वसई गाडी आहे, थोड्याच गाड्या असतात म्हणून वेळापत्रक बघून निघा. वसई रोडहून किल्ल्याकडे बस जाते. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला, आत पडकी चर्चेस, वडाच्या मुळांनी धरलेल्या भिंती, शेवटाला जेट्टी आणि मासे वाळत घातलेले. सपाट रस्ता. तिकीट नाही. पावसाळ्यानंतर या, सगळं हिरवं असतं. खायला फार काही मिळणार नाही, डबा आणा.

---

आगाऊ पोरगी

परत डबा 😭

---

गिरणगावकर

मलबार हिलचा नवा लाकडी पूल राहिला. कमला नेहरू पार्कजवळ झाडांच्या शेंड्यांतून जाणारा ४८५ मीटरचा मार्ग आहे, एका ठिकाणी पायाखाली काच. २५ रुपये, ऑनलाइन वेळ ठरवून जावं लागतं, सुट्टीच्या दिवसाचे स्लॉट लवकर भरतात. शेजारीच म्हातारीचा बूट आणि फिरोजशहा मेहता उद्यान, दोन्ही फुकट. आणि थोडं खाली उतरलं की बाणगंगा, पण उतरणं म्हणजे पायऱ्या.

फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो, प्रवेश फुकट. शनिवार-रविवारी मुंगीला शिरायला जागा नसते, आईंना घेऊन जाऊ नका. जमलं तर हाफ डे टाकून मधल्या वारी तुम्ही दोघंच जा.

---

नगरी बाणा

'तुम्ही दोघंच जा' हा या धाग्यातला सर्वांत उपयोगी सल्ला आहे.

---

कृष्णाकाठचा

मंडळी, बायकोने तुमचे प्रतिसाद वाचून वहीत हिशोब मांडला. पहिला रविवार असा :

लोकल जाऊन-येऊन चौघांची मिळून सव्वाशेच्या आत. सीएसएमटीसमोर वाघ-सिंह. टॅक्सीने हॉर्निमन सर्कल, डबा, तिथून टॅक्सीनेच जहांगीर. दोन्ही वेळा मिळून सत्तर-ऐंशी धरलेत, शिवाय दोनदा नकार ऐकायचा धरलाय. ओव्हल. मग धोबी तलावाला चहा आणि बन मस्का. सीएसएमटीला येऊन ११५ने एनसीपीए, सूर्यास्त तिथे समुद्राच्या कठड्यावर, आणि त्याच बसने परत. खाण्याला तीनशे. तरीसुद्धा चारशेच्या आसपास उरतायत. लेकीला फुटपाथवरच्या चित्रकाराकडून चेहरा काढून हवाय. त्याचा भाव काय चालतो?

दुसरा रविवार राणीबाग, तिसरा दादर. वसई पावसाळ्यानंतर. घारापुरी बोनसवर.

---

चष्मिष

चित्रकाराचा भाव आधी विचारून, ठरवूनच लेकीला स्टुलावर बसवा. पेन्सिलचं साधं चित्र रंगीतापेक्षा कमी पडतं. आणि ती हलणार नाही याची खात्री असेल तरच.

---

लोकलवाली

एक बदल सुचवते. बन मस्का आधी आणि ओव्हल नंतर करू नका, तुमचा क्रम बरोबर आहे. पण बस सूर्यास्ताच्या तासभर आधीची धरा. संध्याकाळी सीएसएमटीच्या थांब्यावर वरच्या मजल्यासाठी रांग असते, पुढची सीट हवी तर एखादी बस सोडावी लागेल. आणि परतीला आठच्या आत लोकलमध्ये बसा. सीएसएमटीहूनच सुटते, आईंना खिडकी मिळेल.

---

खडूस

या रविवारी ब्लॉक हार्बरवर आहे, मेन लाइन मोकळी. जा.